"धातूसालात आलो" म्हणजे नेमकं कधी आलो? आणि कुठनं?

भोगावतीकाठ:
नमस्कार मंडळी, इथं मोडीतले आणि जुन्या कागदपत्रांतले बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतोय. जरा लांबड लागंल, सांभाळून घ्या.

आम्ही करवीर तालुक्यातले, भोगावतीकाठचं गाव. ऊस, भात, आजोबांच्या वेळेपर्यंत स्वतःचं गुऱ्हाळ. पण गावात आमच्या भावकीला अजून "पूर्वेकडची" म्हणतात, म्हणजे एवढ्या पिढ्या इथं जळून राख झाल्या तरी आम्ही पावणंच. आज्जी होती तेव्हा सांगायची की आपण "धातूसालात माणदेशातनं गाडी घेऊन आलो". तिला हे तिच्या सासूनं सांगितलेलं. आज्जी १९३५ ला लग्न होऊन आली, चौदा वर्षांची होती, म्हणजे ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची. गाडीत कोण कोण होतं ते तिला पाठ होतं, दोघं भाऊ, त्यांची म्हातारी आई, थोरल्याची बायको आणि चार पोरं, त्यातलं सगळ्यात बारकं पोर आईच्या कडेवर, तेच आमचे खापरपणजोबा. कृष्णा ओलांडायच्या आधी एक बैल बसला तो उठलाच नाही, मग दुसऱ्या बैलाच्या जोडीला गाय जुंपली. हे सांगताना आज्जी दरवेळी आवाज बारीक करायची, जणू काय कालच झालंय आणि शेजारी ऐकतील.

आता एवढ्यात जुनं घर पाडलं, तेव्हा वळचणीला जात्याची एक तळी सापडली, वरचीच. खालची नाहीच. आज्जी म्हणायची ती हीच, गाडीतनं आलेली. आमची पोरगी विचारायला लागली की अर्धं जातं कशाला आणतंय कोण, आणि मला काय उत्तर देता येईना.

आता गोंधळ असा आहे की "धातूसाल" म्हणजे आम्ही आजपर्यंत समजायचो की तांब्यापितळेचा काहीतरी धंदा होता, पुण्याच्या एका पावण्यानं तर लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही मूळचे तांबट. आमचे नाना (चुलते) म्हणतात की आपली माणसं रेल्वेनं मिरजेपर्यंत आली आणि शाहू महाराजांनी बोलवून जमीन दिली. मग गाडी आणि गाय कुठली? कुणाला काय कळतंय का यातलं? आणि शोधायचं म्हटलं तर सुरुवात कुठनं करायची?

पंचांगवाले अण्णा:
तांबट वगैरे काही नाही हो. धातू म्हणजे धाता. संवत्सराचं नाव आहे ते. आपल्याकडं गुढीपाडव्याला गुरुजी पंचांग वाचतात तेव्हा "अमुक नाम संवत्सर" म्हणतात की नाही, तसली साठ नावं आहेत, प्रभव, विभव करत फिरत राहतात. धाता हे दहावं. शके १७८९ ला प्रभव होतं, तिथनं दहावं मोजलं की शके १७९८ येतं, म्हणजे इंग्रजी १८७६-७७. आणि १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनमध्ये तो मोठा दुष्काळ पडला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पुढचं संवत्सर ईश्वर, तेपण वाईटच गेलं. कानडी मुलखात त्या दुष्काळाला अजून धातु-ईश्वर म्हणूनच ओळखतात, खाली तमिळनाडूत पण त्याचं नाव धातूवरनंच आहे. जत, विजापूरकडच्या कानडी बोलणाऱ्यांचा तुमच्या मूळ गावाला शेजार असणार, तिथनं "धातू" तोंडात बसलं असेल.

आता तुम्ही म्हणाल साठ वर्षांनी परत धाता येणारच, येतंच, १९३६-३७ ला आलं. पण तेव्हा तुमची आज्जी लग्न होऊन तुमच्याच घरात चुलीसमोर बसली होती. म्हणजे आधीचंच. आज्जीनं साल बरोबर सांगितलं होतं, आपल्यालाच ते वाचता येत नव्हतं.

रंकाळ्यावरचा रिकामटेकडा:
राग मानू नका भाऊ पण प्रत्येक घराण्याची गोष्ट दोन भावांपासनंच का सुरू होते? आमच्यात पण दोन भाऊ, एक इथं राहिला एक कोकणात उतरला. मित्राच्यात पण दोन भाऊ. तीन भाऊ, एक बहीण आणि एक भांडखोर मेव्हणा असं कुणाचंच कसं नसतं? आणि बैल मेल्यावर गाय जुंपली हे मी निदान चार घरांत ऐकलंय. साल जुळलं ते झकास पण बाकीचं जरा मीठ लावून घ्या.

मोडीवाली:
अण्णांनी साल सोडवलं, आता नानांकडं वळू, कारण नानांची गोष्ट पूर्ण चुकीची आहे असंही नाही आणि बरोबर तर अजिबातच नाही.

शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. तुमची गाडी आली तेव्हा ते जेमतेम अडीच-तीन वर्षांचे, कागलच्या घाटग्यांच्या घरात यशवंतराव म्हणून खेळत होते. कोल्हापूरला दत्तक आले १८८४ ला आणि कारभार हातात घेतला १८९४ ला. १८७६ ला गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, तेपण लहानच, कारभार सगळा इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली चाललेला. तेव्हा तीन वर्षांच्या पोरानं बोलवून जमीन दिली हे काय जमत नाही. आपल्याकडं ही सवयच आहे, चांगलं काही झालं की शाहू महाराजांच्या नावावर टाकायचं, त्यांनी एवढं केलंय की खपून जातं.

रेल्वेचंही तसंच. मिरज-कोल्हापूर लाइन सुरू झाली १८९१ ला. पुण्याकडनं मिरजेपर्यंतचा रूळच मुळी १८८० च्या दशकातला. १८७७ ला माणदेशातल्या माणसाला आगगाडी बघायची तर सोलापूर बाजूलाच जायला लागायचं, तिथं ती १८६० ला पोचली होती, पण ती जाते मुंबईला, कोल्हापूरला नाही. तेव्हा गाडी म्हणजे बैलगाडीच. आज्जी बरोबर.

पण मग नाना रेल्वे आणि महाराज हे दोन्ही कुठनं आणतात? माझा अंदाज असा की तुमच्यात दोनदा माणसं आली असणार. १८९६-९७ ला परत दुष्काळ पडला, १८९९-१९०० ला तो छप्पन्नचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा. तेव्हा रेल्वे होती, महाराज पण गादीवर होते. आधी आलेल्यांच्या आधारानं मागनं कुणीतरी चुलत, मावस आलं असेल आणि त्यांची गोष्ट नानांच्या बाजूला राहिली असेल. तुमच्या भावकीत थोरली पाती, धाकटी पाती असं काही आहे का? नाना कुठल्या पातीजवळ वाढले ते बघा.

कागदांचं सांगते. कोल्हापूर संस्थानाचे जुने कागद आपल्या कोल्हापूरच्याच पुरालेखागारात आहेत, बहुतेक मोडीत. तिथं जाताना "आमचं घराणं शोधून द्या" असं म्हणून जाऊ नका, गावाचं नाव, पेटा म्हणजे तेव्हाचा तालुका, आणि अंदाजे साल घेऊन जा. गावची जन्म-मृत्यूची नोंदवही असते, गाव नमुना १४, मागं कुणबी नोंदी शोधताना लोकांनी हीच काढली होती, ती मिळाली तर बघा. पहिल्यांदा जमिनीवर नाव कधी लागलं ते बघायचं. आल्या आल्या लागणार नाही. परगावचं कूळ म्हणजे उपरी, दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचं, एक-दोन पिढ्या तशाच जायच्या. मला स्वतःला माझ्या आजोळचा एक कागद काढायला एका ऑफिसात सात हेलपाटे पडले, दरवेळी "साहेब मीटिंगला गेलेत", सातव्या वेळी साहेबच समोर बसलेले होते आणि म्हणाले की हे आमच्याकडं नसतंच. तेव्हा शनिवार-रविवार धरून बसू नका, रजा काढा.

एक विचारायचं राहिलं. कुलदैवत कुठलं तुमचं?

भोगावतीकाठ:
अण्णा, मोडीवाली ताई, खरंच लई उपकार. अंगावर काटा आला वाचताना. पावण्याला आत्ताच फोन करून सांगितलं की आम्ही तांबट नाही, तो म्हणाला मी मस्करीत म्हणालो होतो. बरं.

कुलदैवत म्हणाल तर चैत्रात जोतिबाला जातो सगळे, सासनकाठी असते गावाची. पण लग्नात जागरण-गोंधळाला पहिलं नाव घेतात ते "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं". का ते कुणी कधी विचारलं नाही. आणि हो, पाती आहेत, थोरली आणि धाकटी, आणि नानांना लहानपणी धाकट्या पातीतल्या एका चुलत आज्जीनं सांभाळलंय. ताई तुम्ही भविष्य सांगता का?

रिकामटेकडे भाऊ, मीठ लावूनच घेतोय, पण गाय जुंपल्याचं आज्जी ज्या आवाजात सांगायची ते तुम्ही ऐकलं नाही.

खरसुंडीचा:
सिद्धनाथ म्हणलं आणि मी थांबलोच. भावा तू आमचा हायस. सिद्धनाथ म्हंजे एक खरसुंडी, आमचं, आटपाडी तालुक्यात, आणि दुसरं म्हसवड, माण तालुक्यात. माणगंगेच्या दोन्ही अंगाला सगळ्यांचं दैवत त्येच. कोल्हापूरकडं तुमच्या गावात बाकी कुणाचं सिद्धनाथ नसंल आणि तुमचंच असंल, तर कागद न बघता सांगतो, तुम्ही हितलं. आता खरसुंडीचं का म्हसवडचं ह्ये बघायला लागंल, कारण तवा आटपाडी औंध संस्थानात होती आणि माण तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे कागद बी दोन जागी.

पण तुम्ही सगळे "स्थलांतर, स्थलांतर" म्हणून राहिलाय ना, आमच्याकडं असा शब्द न्हाई. आमच्याकडं म्हणत्यात "जगायला जाणं". पाऊस गेला की मेंढरं, गुरं घेऊन जगायला बाहेर पडायचं, खाली नदीकाठाला, पाऊस आला की माघारी. आमच्या आटपाडी-माणला वर्साचा पाऊस चांगल्या सालात बी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तुमच्या त्या गगनबावड्याला पाच हजाराच्या वर. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचाच काय तो फरक. आटपाडी, विटा, तासगाव, मिरज, कृष्णा वलांडली की हातकणंगल्यावरनं कोल्हापूर. पण हातकणंगले, शिरोळची बाजू बी तशी कोरडीच, म्हणून तुमचं लोक तिथं न थांबता आणि पुढं भोगावतीला गेलं, वाटंत दहा जणांला विचारत गेलं असणार की पाणी कुठं हाय. धडधाकट जोडी असती तर आठवड्याचा रस्ता, पण उपाशी बैल आणि गाय जुंपलेली म्हणल्यावर महिना बी लागला असंल.

बैल मेला ह्ये पण सांगतो. आमच्याकडचं खिलार म्हंजे पळायला आणि वढायला एक नंबर, पण त्याला कडबा पायजे. धातूच्या सालात कडबाच न्हवता. आमच्या घरात अशी गोष्ट हाय की छपराचं जुनं गवत काढून बैलांपुढं टाकलं. त्या काळात ज्यानं गाडी जुंपायपुरती जोडी राखली तो म्हंजे बरा म्हणायचा. ज्याच्याकडं जोडी न्हवती त्यो चालत गेला, न्हाईतर दुष्काळी कामावर गेला.

आमचं लोक त्यातलं. आम्ही ऱ्हायलो. खडी फोडायला, माती टाकायला. दिघंचीच्या अंगाला राजेवाडीचा तलाव हाय न्हवं, म्हसवडचा तलाव म्हणत्यात त्याला कागदावर, त्यो त्या दुष्काळात काम द्यायचं म्हणूनच काढला. सर रिचर्ड टेंपल म्हणून साहेब होता, त्यानं मजुरी ठरवली गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हंजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर एक आणा, बाईला आणि पोरांला त्याहून कमी. दिवसभर उन्हात. लोकांनी हत्यारं खाली टाकून काम बंद केलं होतं मुंबई इलाख्यात, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं सरकारला लिहीत होती. तुम्ही गेला ते वाचला आणि आम्ही ऱ्हायलो ते बी कसंतरी वाचलो, पण आमच्यातली म्हातारी मानसं गेलेल्यांविषयी एकच म्हणायची, "सांगून गेली न्हाईत". रागानंच म्हणायची. आता दीडशे वर्सांनी तू सांगतोयस ते बरं झालं.

आणि एक काम कर. हेळवी येतो का तुमच्याकडं?

मोडीवाली:
हेळवी! कसं सुचलं नाही मला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक, कानडी मुलखातनं येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता टेम्पोतनं. कानडीत हेळव म्हणजे पांगळा, त्यावरनं नाव. काही वर्षांनी एकदा येतात, सोप्यात बसून तुमच्या मूळपुरुषापासून नावं म्हणत येतात, कोण कुठल्या गावात होतं, कुठनं कुठं गेलं, मग मधल्या काळात जन्मलेल्या पोरांची नावं वहीत चढवतात आणि धान्य, कापड, पैसे घेऊन जातात. सरकारी कागदात जमीन असेल तर नाव येतं. हेळव्याच्या वहीत भूमिहीन असलात तरी येतं. उपऱ्यांसाठी त्याहून भारी कागद नाही.

कर्जाचंही बघा बरं का. दुष्काळाच्या आधीच शेतकरी सावकाराच्या तोंडात होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे चढलेले भाव पडले, शेतसारा मात्र तसाच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची घरं फोडून कर्जखतं जाळली ती त्यातनंच. पुढं १८७९ ला सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला तो पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना. म्हणजे तुमचं गाव माण तालुक्यातलं असेल तर त्या कायद्यात, आणि आटपाडीकडचं असेल तर औंध संस्थान, त्यात नाही. सांगून न जाण्याचं कारण कधी कधी सावकार पण असतो, एवढंच म्हणते. सांगितलं असतं तर बैल त्यानंच सोडून नेले असते.

परड्यातली कोरफड:
मी इथं फक्त वाचत असते, कधी लिहीत नाही, पण त्या जात्यावरनं राहवलं नाही. अर्धं जातं कशाला आणलं असं मुलीनं विचारलं ना? अहो खालची तळी घरात जमिनीत बसवलेली असते. आमच्या सासरी जुन्या घरात होतं तसं, माती आणि शेण घालून पक्की रोवलेली, वरनं सारवून घ्यायचं. वरची तळी उचलली की निघते. ज्याला घर कायमचं सोडायचंय तो कुदळ घेऊन खालची पण उकरून काढतो, जात्याला काय कमी पैसे पडत नव्हते. ह्यांनी वरची नेली, का, तर घर रिकामं पडल्यावर ती कोणीपण उचलून नेईल म्हणून, आणि खालची ठेवली कारण परत येऊन त्यावरच दळायचं होतं. बाईनं ठरवलेलं असणार हे, पुरुषांच्या डोक्यात येत नाही.

खरसुंडीचा म्हणाले तेच, जगायला गेले होते.

रंकाळ्यावरचा रिकामटेकडा:
कोरफड ताई, मानलं. मी माझं मीठ माघारी घेतो. दोन भावांचं मात्र अजून पटलेलं नाही.

भोगावतीकाठ:
चार दिवसांनी लिहितोय. हेळवी आमच्याकडं येतो! म्हणजे यायचा, मी मुंबईला नोकरीला असताना येऊन गेला होता, आम्हाला वाटायचं भिक्षा मागणारा आहे, आई धान्य घालायची आणि वाटेला लावायची. धाकट्या पातीतल्या काकींनी मात्र त्याला जेवू घालून सगळं नीट ऐकलं आणि पोराच्या शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं. काल ती वही मिळाली. मागच्या बाजूला गणितं आहेत, मधे दोन पानं आमचं घराणं.

त्यात मूळ गाव दिघंचीच्या बाजूचं दिलंय, म्हणजे आटपाडीच, खरसुंडीचा भाऊ जिंकला. आणि रिकामटेकडे भाऊ तुमच्यासाठी खास, दोन भाऊ नव्हते. तीन होते. मधल्या भावाच्या नावापुढं काकींनी लिहिलंय "गावीच". बास, एवढंच. पुढं त्याला पोरंबाळं लिहिलेली नाहीत, म्हणजे दुष्काळात गेला की त्याचा हेळवी वेगळा झाला ते कळत नाही. आज्जीच्या गोष्टीत हा माणूस कधीच नव्हता. गाय होती, बैल होता, हा नव्हता.

आणि मोडीवाली ताई, धाकट्या पातीच्या खाली अजून एक घर जोडलेलं दिसतंय, चुलत, त्यांचं येणं नंतरचं आहे. ते लोक रेल्वेनं आले असणार. नानांना सांगितलं तर नाना म्हणाले मी आधीपासनं तेच म्हणतोय.

येत्या रविवारी पोरीला घेऊन खरसुंडीला यायचं म्हणतोय, दर्शन करून पुढं त्या गावाला. भाऊ तुम्ही असाल का? आणि एक विचारतो, हसू नका, ती जात्याची तळी गाडीत घालून आणू का?

खरसुंडीचा:
ये की. आदल्या दिवशी फोन कर, भाकरी टाकायला सांगतो. दिघंचीच्या बाजूला माझा साडू हाय, तो ग्रामपंचायतीत हाय, त्याला घेऊन फिरू. मधल्या भावाचं नाव मला वेगळा मेसेज करून ठेव, इथं नको, आमच्याकडच्या हेळव्याला विचारून बगतो.

तळी आण. आमच्या परड्यात तसल्या खालच्या चार पडल्यात, कोंबड्यांला पाणी ठेवतो त्यात. कुठली बसती का बगू. पण डिकीत घालताना खाली पोतं टाक, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा पत्रा गेलाय तसा.